लहान मुलांना पुन्हा पुन्हा पेट-सीटी काहून? अख्ख्या अंगाचा एमआरआय चालत नाही का?

सीताबर्डीकर:
भाचा सात वर्षांचा, हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकागाठींचा कॅन्सर. किमोच्या दोन सायकल झाल्या, आता पुन्हा पेट-सीटी सांगितला, म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून काढायचा पेट आणि सोबत एक्स-रेचा सीटी. एमआरआयमध्ये किरणं नाहीत, मग लेकराला हा मारा काहून? २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनचा अभ्यास आला होता. लहानपणी बरेच सीटी झालेल्यांमध्ये ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) आणि मेंदूच्या गाठींचा धोका सुमारे तिप्पट. पालकांनी एमआरआयच मागावा, असं माझं मत.

धंतोलीचा टेक्निशियन:
तोच अभ्यास पुढं वाचा नं भाऊ. दहा वर्षांखालच्या १०,००० मुलांच्या डोक्याचा एकेक सीटी केला, तर पुढच्या दहा वर्षांत साधारण एक ल्युकेमिया आणि एक मेंदूची गाठ जास्तीची. तिप्पट खरं, पण मुळात धोकाच बारीक. इथं तर हॉजकिन समोर उभा आहे! दोन सायकलनंतर गाठ केवढी उरली यापेक्षा ती जिवंत आहे की नुसता व्रण, हे बघायचं असतं. पेटसाठी एफडीजी टोचतात, म्हणजे किरणोत्सारी साखर. ती गाठ किती ओढते त्यावर १ ते ५ डोव्हिल स्कोअर देतात. स्कोअर चांगला, म्हणजे कमी आला तर काही प्रोटोकॉलमध्ये पुढचा रेडिएशनचा उपचारच टळतो. स्कॅनची किरणं वाचवायच्या नादात छातीवर शेक घेऊन बसाल.

गोंदियाची आई:
माझी मुलगी चार वर्षांची, तिचे दोन्ही झाले. एमआरआयला पाऊण-एक तास न हलता पडायचं. त्या ठकठक आवाजानं रडून रडून बेजार, मग भूल. भुलीसाठी सकाळपासून उपाशी, नंबर लागला दुपारी. किरणं नाहीत म्हणून सोपं आहे असं नका समजू बाप्पा.

सीताबर्डीकर:
ताई, सात वर्षांचं पोर समजावलं तर पडून राहतं. आणि एमआरआयच्या डिफ्युजनमध्येही, म्हणजे पेशींमधल्या पाण्याची हालचाल टिपणाऱ्या चित्रात, जिवंत गाठ दिसते म्हणे.

धंतोलीचा टेक्निशियन:
दिसते. पण प्लीहा आणि साध्या निरोगी लसिकागाठीही तशाच चमकतात. फुप्फुसातले बारीक ठिपके तर सीटीच पकडतो. पेटही काही देव नाही म्हणा. एसीत पोरगं कुडकुडलं की मानेतली ब्राऊन फॅट, म्हणजे अंग गरम ठेवणारी चरबी, एफडीजी ओढते, नेमकी तिथंच जिथं हॉजकिनच्या गाठी असतात. म्हणून इंजेक्शनच्या आधीपासून आम्ही पांघरूण घालून ठेवतो. मे महिन्यात, बाहेर ४५ डिग्री असताना, 'स्वेटर आणा' म्हटलं की पालक माझ्या तोंडाकडं पाहत राहतात.

मानेवाड्याचा वाचक:
उपचार संपले, मूल ठणठणीत आहे, तरी दर काही महिन्यांनी पेट करून राहिले, तिथं मी सीताबर्डीकरांच्या बाजूनं. ली-फ्रॉमेनीसारखा, कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष असलेल्या मुलांना वर्षातून एकदा अख्ख्या अंगाचा एमआरआय करतात, तो याचसाठी. जन्मभर तपासायचं तर किरणं नकोत.

धंतोलीचा टेक्निशियन:
तिथं माझी ना नाही.

सीताबर्डीकर:
पूर्ण पटलं नाही, पण हा पेट होऊ देतो. सोबतचा सीटी लो-डोस आहे ना, आणि छातीचा वेगळा सीटी परत काढणार का, हे मात्र डॉक्टरांना विचारणारच. उपचार संपल्यावरही पेट लिहून दिला तर भांडायला इथंच येतो.