ऑब्सिडियनमध्ये मराठी नोट्सच्या लिंक्स सांभाळायला कोणते प्लगइन वापरता? विभक्तीपुढे सगळे हात टेकतायत

घाटवाट:
नमस्कार मंडळी. किल्ले आणि घाटवाटांच्या नोट्स मी गेली चार वर्षं ऑब्सिडियन या नोट्स लिहायच्या ॲपमध्ये ठेवतोय, आता चौदाशेच्या आसपास फाइल्स झाल्यात. गडावरून उतरलो की एसटीत बसून फोनवर खरडायचं, रात्री लॅपटॉपवर नीट करायचं, वाचलेल्या पत्रांची आणि बखरींची टिपणं पण त्यातच. आधी लिंक्स हाताने टाकायचो, दोनशे नोट्सपर्यंत ते जमलं, आता लक्षातच राहत नाही कुठे काय लिहिलंय ते.

बॅकलिंक्सच्या (या नोटकडे कुठून कुठून लिंक येते त्या यादीच्या) खाली ते 'अनलिंक्ड मेन्शन्स' येतं ना, म्हणजे नोटचं नाव दुसरीकडे नुसतं आलंय पण लिंक केलेली नाही असं शोधून देतं, ते माझ्या निम्म्या किल्ल्यांना चालतच नाही. नोटचं नाव 'पन्हाळा' आणि मी लिहिणार 'पन्हाळ्यावर', 'पन्हाळ्याचा', 'पन्हाळ्याहून'. तोरण्याचं तेच, जंजिऱ्याचं तेच. मूळ शब्दच बदलतो मग त्याला सापडणार कसा.

म्हणून आपोआप लिंक करणारा एक प्लगइन टाकला (नाव लिहीत नाही, ज्याने बनवलाय त्याने स्वतःचा वेळ घालून फुकट दिलाय). माझ्याकडे 'घाट' नावाची एक नोट आहे आणि 'गड' नावाची एक. लिंक म्हणजे नोटच्या नावाभोवती दोन-दोन चौकोनी कंस; त्याने 'घाटात' दिसलं की [[घाट]]ात करून ठेवलं, काना कंसाबाहेर एकटाच, त्या ठिपक्यांच्या गोलाला चिकटलेला. 'वाट दाखवायला गावातला एक गडी आला' या वाक्यात [[गड]]ी! तीनशेच्या वर फाइल्स अशा झाल्या. बॅकअप होता म्हणून वाचलो, पण दोन दिवसांचं लिखाण गेलं आणि त्यात एका म्हाताऱ्या धनगरबाबांनी सांगितलेली वाटेची सगळी खाणाखुणांची माहिती होती, ती गेल्याचं फार वाईट वाटतंय.

दुसरी भानगड, 'साताऱ्याचे किल्ले' नावाच्या दोन नोट्स झाल्यात. नाव अक्षर न् अक्षर तेच, एकीत मजकूर आहे, दुसरी रिकामी. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइल्स राहतातच कशा? मराठीत नोट्स ठेवणारे कुणी असाल तर कसं करता सांगा प्लीज.

रेजेक्सवाली:
दोन्हीचं कारण सांगते, मी यात बरीच पोळलेय.

आधी तो लटकलेला काना. हे प्लगइन जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत असतात आणि त्यात शब्द कुठे संपला हे ओळखायची जी नेहमीची खूण आहे ती फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर एवढंच शब्द मानते, देवनागरीला ती अजिबात लागू होत नाही. मग जरा काळजी घेणारे डेव्हलपर युनिकोडची (सगळ्या लिप्यांची अक्षरं कॉम्प्युटरमध्ये ठेवायच्या पद्धतीची) 'लेटर' ही वर्गवारी वापरतात, म्हणजे पुढे दुसरं अक्षर नसेल तर शब्द संपला असं धरायचं. पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे युनिकोडच्या लेखी लेटर नाहीत, 'मार्क' आहेत. 'घाट'च्या पुढे काना आला तर तो म्हणतो पुढे अक्षर नाही, संपला शब्द. तुमच्याकडे नेमकं हेच झालेलं दिसतंय. गिटहबवर, म्हणजे प्लगइनचा कोड जिथे असतो त्या साइटवर, इश्यू (तक्रार) टाका आणि 'घाटात' आणि 'गडी' हेच दोन शब्द उदाहरण म्हणून द्या, मार्क पण शब्दाचा भाग धरा एवढं सांगितलं की एका ओळीत दुरुस्ती होते आणि हिंदी, नेपाळी लिहिणाऱ्यांचं पण काम होतं.

आता दोन 'साताऱ्याचे किल्ले'. दिसायला सारखं आहे पण आत वेगळं आहे. 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, त्याचा पाय मोडून पुढे या. दुसऱ्यात साधा र, त्याचा पाय मोडून मग एक न दिसणारं चिन्ह, झीरो विड्थ जॉइनर, आणि मग या. कुठला कीबोर्ड कुठला प्रकार टाकेल सांगता येत नाही. तुम्ही फोनवर एक प्रकार लिहिला, लॅपटॉपवर दुसऱ्या प्रकाराने लिंक केली, ऑब्सिडियनला ती नोट सापडली नाही, तुम्ही लिंकवर क्लिक केलं आणि त्याने नवी रिकामी नोट बनवली. खात्री करायची तर एका नोटचं नाव कॉपी करून सर्चमध्ये टाका, दुसरी येणार नाही.

इथे एक कळकळीचं सांगणं, सगळे जॉइनर एका फटक्यात उडवू नका. मी गेल्या वर्षी ते केलं. माझ्याकडे आजीच्या तोंडून उतरवून घेतलेल्या ओव्या आहेत, त्यातल्या सगळ्या 'दऱ्या' 'दर्या' झाल्या. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला आणि महिनाभर मला कळलंच नाही, कारण फाइल्स सगळ्या उघडत होत्या, लिंक्स पण चालत होत्या. शेवटी वहीतल्या मूळ ओव्या समोर ठेवून एकेक दुरुस्त केलं. तेव्हा जॉइनर नुसता काढायचा नाही, र + मोडलेला पाय + जॉइनर हे तिन्ही मिळून शोधायचं आणि त्याच्या जागी ऱ + मोडलेला पाय घालायचा. व्हीएस कोड या एडिटरमध्ये अख्ख्या फोल्डरवर रेजेक्स (मजकुरातला नमुना शोधून बदलायचं सूत्र) लावून होतं. आधी फोल्डरची कॉपी काढा, त्याच्याशिवाय हात लावू नका.

रिकामी नोट डिलीट मारू नका, 'नोट कंपोझर' हा ऑब्सिडियनच्या आतलाच प्लगइन आहे, त्याने ती भरलेल्या नोटमध्ये मर्ज करा, मग तिच्याकडे येणाऱ्या लिंक्स पण वळतात.

घाटवाट:
बाप रे. कॉपी करून बघितलं, खरंच दुसरी येत नाहीये सर्चमध्ये!! चार महिने मी हे सिंकचं खूळ समजत होतो. खूप खूप आभार.

किनारपट्टी:
गेलेल्या दोन दिवसांच्या लिखाणाचं, कोअर प्लगइन्समध्ये (ऑब्सिडियनबरोबरच येणाऱ्या) 'फाइल रिकव्हरी' बघितलंत का? काही बदललं नसेल तर ते दर पाच मिनिटांनी स्नॅपशॉट, म्हणजे फाइलची त्या वेळची प्रत, घेतं आणि सात दिवस ठेवतं. ज्या लॅपटॉपवर लिहिलंत त्याच लॅपटॉपवर बघा, स्नॅपशॉट त्या मशीनवरच असतात. आजच बघा.

टाचणवही:
प्लगइनचं विचारलंय म्हणून आधी तेच. माझ्याकडे वीसेक होते, आता तीन ठेवलेत. 'व्हेरियस कॉम्प्लिमेंट्स' टाइप करताना नोट्सची नावं आणि त्यांचे एलियस (नोटला दिलेली पर्यायी नावं) सुचवतो. 'फाइंड ऑर्फन्ड फाइल्स अँड ब्रोकन लिंक्स' महिन्यातून एकदा चालवते, कुठेच न जोडलेल्या नोट्स आणि तुटलेल्या लिंक्स यांची यादी काढून देतो, तुमच्या दुसऱ्या साताऱ्यासारखे प्रकार त्यात उघडे पडतात. आणि 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स', हा लिंकच्या शेजारी छोटा आकडा दाखवतो की या जागेला किती ठिकाणांहून उल्लेख आहे. 'ब्रेडक्रम्ब्स' पण वापरून पाहिला, त्यात वरची नोट, खालची नोट, पुढची, मागची असं नातं सांगता येतं, घाटवाटांना तो बरा पडेल कारण एका वाटेवरचे टप्पे क्रमाने लावता येतील. मला त्याची गरज पडली नाही.

एलियसबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. बरेच जण सांगतात की पन्हाळ्याच्या नोटच्या प्रॉपर्टीजमध्ये (नोटच्या वरच्या माहितीच्या रकान्यात) पन्हाळ्यावर, पन्हाळ्याचा, पन्हाळ्याला असे सगळे एलियस टाकून द्या. करून बघितलंय मी. आठ विभक्ती, त्यात चा-ची-चे-च्या, त्यात वरून-खालून-जवळ-पर्यंत, एका किल्ल्याला वीस एलियस झाले आणि दोन कंस टाइप केले की सगळी यादी त्यांनीच भरायला लागली. एलियस खऱ्या दुसऱ्या नावाला ठेवा. तोरण्याला प्रचंडगड, रायगडाला रायरी, राजगडाला मुरुंबदेव, सिंहगडाला कोंढाणा. तिथेही साधनातलं नाव पुसू नका, पत्रात कोंढाणा असेल तर [[सिंहगड|कोंढाणा]] (लिंक सिंहगडाला, दिसतं कोंढाणा) असंच राहू दे, कोणत्या वर्षी कोण काय म्हणत होतं हे पुढे कामाला येतं.

मग विभक्तीचं काय, तर मी वाक्यात लिंक करणंच सोडलं. मराठी विश्वकोशात नोंद संपली की खाली 'पहा :' करून संबंधित नोंदी दिलेल्या असतात ना, तसं. वाक्य जसं तोंडात येईल तसं लिहायचं आणि नोटच्या तळाला, पहा: [[पन्हाळा]], १६६०, सिद्दी जौहरचा वेढा. दुसऱ्या नोटमध्ये, पहा: [[पन्हाळा]], १६७३, कोंडाजी फर्जंदने परत घेतला तेव्हा. नाव प्रथमेत राहतं, म्हणजे सामान्यरूपाचा प्रश्नच येत नाही. आणि मोठा फायदा असा की पन्हाळ्याची नोट उघडून बॅकलिंक्स बघितल्या की प्रत्येक ओळीत ती लिंक का केली तेही दिसतं. नुसत्या पन्नास लिंक्स आल्या तर त्यांचं करायचं काय? आपोआप लिंक करणारा प्लगइन मराठीत अगदी बरोबर चालला तरी हे 'का' तो लिहू शकत नाही, म्हणून मी तो परत टाकणार नाही.

किनारपट्टी:
हे आवडलं, 'पहा' वालं. एक भर घालतो, सेटिंग्जमध्ये फाइल्स अँड लिंक्सच्या खाली 'ऑटोमॅटिकली अपडेट इंटर्नल लिंक्स' चालू आहे का बघा, आणि फाइलचं नाव बदलायचं ते ऑब्सिडियनच्या आतूनच. फोनच्या फाइल मॅनेजरमधून बदललं की जुन्या लिंक्स तशाच तुटक्या राहतात.

घाटवाट:
@किनारपट्टी मिळाली!!! फाइल रिकव्हरीत परवा रात्री ११:४० चा स्नॅपशॉट होता. बाबांनी सांगितलेलं सगळं आहे, उंबराचं झाड, त्याच्या डावीकडची कोरडी टाकी, पुढे कातळात खोदलेल्या सात पायऱ्या. लगेच कॉपी करून ठेवलं. तुमचे कसे आभार मानू कळत नाही.

@टाचणवही तुमच्या पद्धतीने आज दहा नोट्स केल्या. त्या वाटेच्या नोटखाली पहिली ओळ लिहिली, पहा: [[नाणेघाट]], इथेही कातळात टाकी आहेत, बांधणी ताडून बघायची. एक विचारायचं राहिलं, तुमच्या जुन्या नोट्समधल्या वाक्यांतल्या लिंक्स काढून खाली आणल्या का तुम्ही?

टाचणवही:
नाही. जी नोट कामासाठी उघडते तेवढीच तेव्हा नीट करते. दीड वर्षात साधारण निम्म्या झाल्यात, उरलेल्या मी उघडल्याच नाहीत.

रेजेक्सवाली:
घाटवाट, त्या 'पायऱ्या'तला ऱ्या कुठला पडलाय तेवढं बघून घ्या 🙂 आणि गिटहबवर इश्यू टाकलात की इथे लिंक द्या, मी खाली माझी उदाहरणं जोडते.