छोट्या शहरांच्या सांडपाण्याला बीओडी 30 चालेल की 10 च हवा?

नदीकाठ: 13 ऑक्टोबर 2017 च्या केंद्रीय अधिसूचनेने महानगरांबाहेरच्या एसटीपींना (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटना) लिटरला बीओडी (पाण्यातली घाण पचवताना जिवाणू वापरतात तो ऑक्सिजन) 30 आणि तरंगते घन (पाण्यातले न विरघळलेले कण) 100 मिलिग्रॅमपर्यंत मुभा दिली. 2015 च्या मसुद्यात बीओडी 10 होता. तोच सगळ्यांना लागू करा, असं माझं ठाम मत आहे. ब्रिटिश रॉयल कमिशनने 1912 मध्ये बीओडी 20, घन 30 ही मर्यादा सुचवली, तीसुद्धा नदीत किमान आठपट स्वच्छ पाणी मिसळेल हे धरून. आपल्याकडे मार्चनंतर कित्येक नद्यांच्या पात्रात वाहतं ते सांडपाणीच. मिसळायला स्वच्छ पाणी आणायचं कुठून?

ब्लोअरवाला: 10 चा आकडा कागदावर छान दिसतो. 50 हजार वस्ती धरा. माणशी 135 लिटर पुरवठा, त्यातलं 80 टक्के परत, म्हणजे 5.4 एमएलडी (रोज 54 लाख लिटर). माणशी रोज 27 ग्रॅम बीओडी धरला की प्लांटच्या तोंडाशी 250 यायला हवा. पण भुयारी गटाराच्या जोडण्या अर्धवट असतात, सेप्टिक टँकचं वरचं पाणी उघड्या गटारात जातं आणि शेवटी नालाच अडवून प्लांटकडे वळवतात. मग येतो 70-80. जिवाणूंना पुरेसं खाद्य नाही, त्यामुळे टाकीत जिवाणूंचा गाळ धरत नाही, आणि पहिल्या जोरदार पावसात जो आहे तोही वाहून जातो. असा प्लांट उन्हाळ्यात 10 च्या परीक्षेत सहज पास होईल, आणि टँकरने उपसलेला मैला त्याच नाल्यात पडत राहील. आधी जोडण्यांची टक्केवारी आणि मैला प्लांटवरच रिकामा करण्याची सक्ती कायद्यात आणा.

नदीकाठ: आणाच. पण त्यासाठी आउटलेटची मर्यादा सैल का ठेवायची? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 30 एप्रिल 2019 च्या आदेशात कडक मर्यादा महानगरांपुरती ठेवायला नकार दिला, तो योग्यच होता. नदीला शहराची लोकसंख्या कळत नाही.

नमुना बाटली: तुम्ही दोघंही बीओडीवर अडलात. मुळात 30 आणि 100 ही जोडीच विसंगत आहे. बाहेर पडणाऱ्या एक मिलिग्रॅम जैविक गाळाबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम बीओडी जातो. 100 घन सोडलेत तर 30 मध्ये बसणार कसे? आणि 10 हवा असेल तर घन 15 च्या आसपास आणावे लागतील, म्हणजे बहुतेक ठिकाणी फिल्टर आला.

दुसरं, 2017 मध्ये अमोनियाची मर्यादा वगळली, पण विष्ठेतल्या कोलिफॉर्म जिवाणूंची मर्यादा 100 मिलिलिटरला 1000 ठेवली. अमोनिया शिल्लक असला की क्लोरीन आधी त्याच्याशी जुळून क्लोरामाइन होतं, आणि ते जंतू मारण्यात फार मंद. संपर्क टाकीत अर्धा तास पाणी ठेवूनही अहवाल नापास येतो. मग ऑपरेटर डोस वाढवतो आणि मासे क्लोरीनने मरतात.

ब्लोअरवाला: अमोनियाचा मुद्दा मान्य. पण एक किलो अमोनिया-नायट्रोजन काढायला साडेचार किलोच्या वर ऑक्सिजन लागतो, शिवाय सात किलोच्या वर क्षारता (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता) खर्च होते. हे काम करणारे जिवाणू हळू वाढतात. लांबलेल्या भारनियमनात हवा बंद राहिली की पुन्हा जम बसायला बरेच दिवस जातात. वीजबिल थकलं की रात्री ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) बंद, तपासणीच्या सकाळी सुरू. एका वेळी भरलेल्या नमुन्याच्या बाटलीत ते कधीच दिसत नाही.

नमुना बाटली: म्हणून 24 तासांचा संमिश्र नमुना (दिवसभर थोडं थोडं घेऊन एकत्र केलेलं पाणी) कायद्यात हवा. युरोपच्या 1991 च्या निर्देशात तो आहे. वर्षाला 12 नमुन्यांपैकी 2 चुकले तर चालतात, पण बीओडीला 25 ची मर्यादा असताना नेहमीच्या परिस्थितीत एकही 50 च्या वर जाता कामा नये.

नदीकाठ: हे मला पटतं. 10 चा आग्रह मात्र सोडत नाही. घनाची मर्यादा 15 करा, अमोनिया परत आणा आणि मोजा संमिश्र नमुन्यावरच.

ब्लोअरवाला: मग ब्लोअरचं वीजमीटर आणि जनरेटरच्या तासांची नोंद त्याच अहवालाला जोडणं सक्तीचं करा. त्याशिवाय माझा 10 ला विरोध कायम.