अनुभव धागा: 'आता बास' म्हणायला शिकताना

मंडळी, गेल्या महिन्यात भाच्याच्या जावळाचं जेवण होतं. पांढरा रस्सा घेऊन मामा तिसऱ्यांदा पंगतीत आले तेव्हा मी वाटीवर हात आडवा धरला. 'बास मामा, खरंच बास.' मामांनी हसत हसत माझ्या बोटांच्या फटींतून रस्सा सोडला. हात पोळला, वाटी भरली, पंगत हसली. मीही हसले आणि प्याले.

रात्री घरी येऊन मोबाईलमधल्या कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये नोंद करायला बसले. त्यात पांढरा रस्सा नव्हताच. शेवटी 'कोकोनट सूप, तीन वाट्या' असं लिहिलं. आकडा लाल झाला, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण टाळलं आणि संध्याकाळी खासबागेत एकामागून एक दोन भेळी संपवल्या. दुसरीची चव आठवतसुद्धा नाही. मामांनी काय किंवा मोबाईलनं काय, 'भूक लागलीय का' असं माझ्या पोटाला विचारलंच नव्हतं. मी तरी कुठं विचारलं होतं?

हे विचारायला शिकण्याला 'इंट्युइटिव्ह इटिंग' म्हणतात. एव्हलिन ट्रिबोल आणि एलिस रेश या दोन अमेरिकन आहारतज्ज्ञ बायकांनी १९९५ साली याच नावाच्या पुस्तकात दहा तत्त्वं मांडली. पहिलंच तत्त्व म्हणजे डाएटचं खूळ डोक्यातून काढायचं. आणखी एक मला फार पटलं: 'हे चांगलं, ते वाईट' करत डोक्यात शिट्टी फुंकत बसलेला जो खाण्यावरचा पोलीस आहे, त्याला घरी पाठवायचं. ही वजन उतरवायची युक्ती नव्हे, तेव्हा किती किलो गेले ते आकडे इथं नकोत. बाकी मोकळेपणानं लिहा.

शिवाजी पेठ, वय ६१

आमचं वेगळंच. तालमीत असताना भूक हा शब्दच नव्हता, खुराक होता. पहाटे मेहनत, मग थंडाई, दुपारी मटण, तूप, रात्री गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध. वस्ताद म्हणतील तेवढं पोटात गेलंच पाहिजे. आणि वजनगटात बसायचं असलं की उलटं. दोन दिवस पाणीसुद्धा घोट मोजून, अंगावर दोन-दोन स्वेटर घालून पळायचं. वजन झालं की काट्यापासून दहा पावलांवर बसून केळी खायचो, सालं कुठं टाकली याची शुद्ध नसायची.

गुडघा गेला, कुस्ती सुटली, खुराक काय सुटला नाही. जोर-बैठका शून्य आणि दूध तेवढंच. लोक म्हणायचे, 'पैलवान, खावा की.' नाही खाल्लं तर पैलवानकी गेली असं वाटायचं, खरं सांगतो. एकदा सून म्हणाली, 'मामा, भूक नसंल तर जेवू नगा की.' ४० वर्षांत मला असं कुणी म्हणालंच नव्हतं! आता दुधाच्या आधी अर्धा तास रंकाळ्यावर फिरून येतो. कधी घ्यावंसं वाटतं, कधी नाही. नाही वाटलं त्या दिवशी अजून काहीतरी चुकल्यासारखं होतंय.

राजारामपुरी, वय २३

मला चार्ट मिळाला तेव्हा मी बारावीत होते. भात बंद, साखर बंद, बटाटा बंद, बेकरी बंद. दिवसभर सगळं पाळायचे आणि रात्री एक वाजता स्वयंपाकघरात. दिवा लावायचा नाही, फ्रिजचा उजेड पुरतो. खारीचा स्टीलचा डबा पोटाशी धरून झाकण ओढणीत गुंडाळून उघडायचे, 'टक्' आवाज येऊ नये म्हणून. खायचे ते उभ्यानंच. बसलं की खाल्ल्यासारखं होतं ना! पहिली खारी कुरकुरीत लागायची, सातवी म्हणजे घशात नुसता भुगा. सकाळी डबा हलका लागला की आई भावाला ओरडायची आणि मी गप्प.

घरी समजलं तेव्हा 'मनावर ताबाच नाही' एवढं ऐकायला मिळालं. समुपदेशक ताईंनी वेगळंच सांगितलं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, महायुद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा खाऊ घालायचं कसं ते शोधायला. ती पोरं सारखी खाण्याबद्दलच बोलायला लागली, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची. पुढं पोटभर मिळायला लागलं तरी काहींचं खाणं थांबेना. मी तेव्हा अंथरुणात पडून केकचे व्हिडिओ बघायचे, एकही केक केला नव्हता. रडूच आलं. म्हणजे एवढी वर्षं मी उपाशी होते.

ताईंनी खारी काचेच्या बरणीत भरून टेबलावर ठेवायला सांगितली. संपली की पुन्हा भरायची. पहिले दिवस भयानक गेले, लपवत नाही. दोनदा बरणी पालथी केली. पाचव्या आठवड्यात आईनं झाकण उघडलं आणि म्हणाली, 'अगं, ही तर सादळली.' आमच्या घरात सादळलेली खारी मी पहिल्यांदा बघितली.

(धागा सुरू करणारी म्हणून माझ्याकडून एक: असे खाण्याचे झटके वारंवार येत असतील तर एकट्यानं बरणीचे प्रयोग नकोत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदवलाय, त्यावर उपचार आहेत.)

कसबा बावडा, वय ५४

सगळं छान, पण मधुमेहवाल्यांनी काय करायचं? माझ्या शरीराला विचारलं तर ते दिवसातून चार वेळा काकवी मागतं. गुऱ्हाळं सुरू झाली की तो वासच पाय ओढतो. आणि इन्शुलिन टोचून घेतल्यावर 'भूक लागली की जेवू' हे चालत नाही, साखर खाली येते. एकदा एसटी स्टँडवर घामाघूम होऊन खाली बसलो होतो, एका अनोळखी पोरानं पेढा तोंडात घातला म्हणून निभावलं. तेव्हा जेवायची वेळ डॉक्टरांची, मापही त्यांचंच.

माझ्या हातात एवढंच उरतं की मिसळ खाताना दुसरा स्लाइस उचलायच्या आधी चमचा खाली ठेवतो. पूर्वी उरलेल्या ब्रेडसाठी कट मागवायचो आणि उरलेल्या कटासाठी ब्रेड. कुणीतरी टेबलासाठी डोक्यावर येऊन उभारलं की मगच हे थांबायचं.

(बरोबर आहे काका. हे मी वरच लिहायला हवं होतं.)

उद्यमनगर

कारखान्यात डबा उघडला की मोबाईल पालथा ठेवतो. बाकी काही केलं नाही. दोन महिन्यांनी कळलं, बायको आमटीत आमसूल घालते.

मंगळवार पेठ

मी १४ वर्षं नवरात्र धरलो. (आम्ही बायका असंच बोलतो, पुण्यामुंबईच्यांनी हसू नये.) घट बसायच्या आदल्या दिवशी काट्यावर उभारायचो आणि दसऱ्याला परत. अंबाबाईला एक सांगायचो, काट्याला दुसरंच विचारायचो. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा खाऊन काटा उलटा चढायचा ते वेगळंच. या वर्षी फक्त उठता-बसता केलो. मधल्या दिवसांत भाकरी-आमटी खाऊन देवळात गेलो. रांगेत चक्कर आली नाही.

रुईकर कॉलनी, सात वर्षांच्या मुलीची आई

आमच्याकडे ताट चाटूनपुसून, हा नियम. 'हा घास काऊचा, हा आजीचा' करत मीच कोंबायचे. मग आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांचं वाचलं: काय, कधी आणि कुठं हे मोठ्यांनी ठरवावं, किती हे मुलानं. सासूबाई म्हणाल्या, 'पोर वाळंल.' वाळली नाही.

परवा तिच्या वाढदिवसाला वाटीत दोन गुलाबजाम दिले. एक खाल्ला, दुसऱ्याचा चावा घेतला, 'बास' म्हणाली आणि सायकल घेऊन पळाली. मी त्या वाटीकडे बघत राहिले. एवढं सोपं? मग तो अर्धा गुलाबजाम उचलला आणि ओट्यापाशी उभ्यानंच खाल्ला. भूक नव्हती.