कासवर सीतेची आसवं हलतात, गेंद जळतात

सडाभटक्या: सप्टेंबरात फुलांचे फोटो काढायला साताऱ्याजवळच्या कास पठारावर जायचंय. १०० एमएम मॅक्रो (अगदी जवळून टिपायची लेन्स) आहे. एफ/१६ (लेन्सचं छिद्र बारीक), १/१२५ सेकंद शटरला सीतेची आसवं ही जांभळी फुलं हललेली येतात, गेंदाच्या फुलांचे गोळे नुसते पांढरेफट्ट. काय बदलू?

पानफूल: एफ/१६ सोडा. शटर मंदावतो आणि डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे) बारकावेही मऊ होतात. एफ/८, शटर किमान १/५००, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ८०० ते १६००. सड्यावरच्या (खडकाळ पठारावरच्या) वाऱ्यात ट्रायपॉडने कॅमेरा स्थिर राहतो, फूल नाही! बर्स्टवर (सलग फोटो घेण्यावर) ठेवून झुळूक थांबली की ५-६ फ्रेम घ्या. सेन्सर पाकळीला समांतर धरलात तर एफ/८ लाही बरंचसं फूल फोकसमध्ये येतं.

धुकट: गेंदामागे गर्द हिरवं असतं, म्हणून कॅमेऱ्याचा मीटर (प्रकाश मोजणारा) एक्स्पोजर वाढवतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन −०.७ ते −१ द्या, रॉमध्ये (कच्च्या फाइलमध्ये) काढा. जांभळ्या आसवांसाठी आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरवा, निळा यांचे वेगवेगळे आलेख) बघा. एकत्रित आलेख ठीक दिसतो आणि निळा चॅनल मात्र कापलेला (तपशील गेलेला) असतो.

सडाभटक्या: पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावू?

पानफूल: ओल्या पानांची चमक जाते, पण दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) प्रकाशही जातो. वाऱ्यात नकोच. आणि वाटेच्या कडेनंच टिपा, आत पाय टाकलात की रोपं चिरडतात.