मदत हवी आहे: पेशावरच्या सहकाऱ्याचा भाऊ 'आइस'च्या आहारी, आणि घरात वडिलांचं कुणी ऐकेना

नमस्कार मंडळी,

मी मूळचा सांगलीकडचा, शारजात एका गोदामात कामाला. प्रश्न माझ्या घरचा नाही. आमच्याकडच्या ट्रेलर ड्रायव्हरचा आहे. तो आफ्रिदी पठाण, खैबर जिल्ह्यातल्या बाड़ा भागातला. मी त्याला लाला म्हणतो. इथे व्यसनमुक्तीचं काम करणारी मंडळी आहेत म्हणून त्याला विचारूनच लिहितोय.

त्याचा धाकटा भाऊ बावीस-तेवीसचा, पेशावरात आइस ओढतो, म्हणजे क्रिस्टल मेथ. रात्र रात्र जागतो, मग मेल्यासारखा झोपतो. आईच्या बांगड्या गेल्या, शेजाऱ्याची मोटारसायकल गेली. हल्ली म्हणतो, भिंतीपलीकडे माणसं पाळत ठेवून बसलीत. एका खाजगी केंद्रात ठेवला तर तिथे साखळीने बांधून ठेवायचे. सुटून आला आणि महिन्याच्या आत पुन्हा सुरू.

खरी अडचण वडिलांची आहे. ते मशर, म्हणजे जिरग्यात (टोळीच्या पंचायतीत) बसणारे वडीलधारे. पाण्याचे, जमिनीचे, खुनाच्या वैराचेसुद्धा तंटे त्यांनी मिटवलेत. दोन्ही बाजू आधी बंदुका तारण म्हणून पुढ्यात ठेवायच्या, मग निवाडा. आता ज्याचा स्वतःचा पोरगा चोरी करतो, त्याचा निवाडा कोण मानणार? म्हणून गल्लीत सांगतात, पोराला टायफॉइड झालाय. वर्षभर टायफॉइड!

लालाचं म्हणणं, वडिलांचा शब्द पोरामुळे गेला नाही, तो आधीच गेला होता. पूर्वी तिथे १९०१ चा फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन हा इंग्रजांच्या काळचा कायदा होता. सरकारी भत्ते आणि कामं मलिकांच्या, म्हणजे सरकारने मानलेल्या टोळीप्रमुखांच्या, हातून यायची. १९९७ च्या निवडणुकीपर्यंत सामान्य माणसाला मतसुद्धा नव्हतं. (म्हणजे ते दिवस काही फार न्यायाचे नव्हते, हेही खरंच.) नंतर दहशतवाद्यांनी वडीलधाऱ्यांनाच वेचून मारलं. मार्च २००८ मध्ये दरा आदमखेलला भरलेल्या जिरग्यावर आत्मघाती हल्ला झाला, चाळीसच्या आसपास माणसं गेली. पुढे लष्करी कारवाईत बाड़ा रिकामा झाला. हे कुटुंब जलोझईच्या निर्वासित छावणीत, तिथून पेशावरात भाड्याच्या दोन खोल्यांत आलं. गावातला हुजरा, म्हणजे पुरुषमंडळींच्या बैठकीची जागा, सुटला. चरस हुजऱ्यातही फिरायची, लाला ते लपवत नाही, पण पोरं मोठ्यांच्या नजरेखाली असायची. हा धाकटा त्या नजरेबाहेर वाढला. २०१८ मध्ये 'फाटा' (FATA, म्हणजे सीमेवरचा हा टोळ्यांचा पट्टा) खैबर पख्तुनख्वा प्रांतात विलीन झाला आणि पोलीस-कोर्टकचेरी आली. आणि पैसा लालाचा. त्यामुळे घरातले निर्णय त्याच्या व्हॉइस मेसेजवर होतात, वडील फोनजवळ बसून वाट बघतात. लालाला याचीच लाज वाटते.

त्यात माल स्वस्त. अफगाणिस्तानात रानात उगवणाऱ्या इफेड्रापासून तो बनतो, आणि तोरखमची सीमा हाकेच्या अंतरावर.

तर पैसे पाठवणं थांबवावं का? पुन्हा केंद्रात घालावं का? आणि मुलाशी बोलायचं कुणी?

प्रतिसाद: समुपदेशक_पुणे

आधी ते 'पाळत ठेवणारे'. आइसमध्ये असा संशय आणि भास होतात. घरात बंदूक असणारच. ती काडतुसांसकट आजच दुसरीकडे हलवा. बाकी सगळं नंतर.

मग मानसोपचारतज्ज्ञ. हेरॉइनला बदली औषधं आहेत, आइसला तशी नाहीत. नशा तुटली की झोप, भूक आणि खोल नैराश्य येतं. त्या काळात जिवाचं बरंवाईट करण्याचा धोका असतो, एकटं सोडू नये. बांधून ठेवणारं केंद्र नको. पेशावरात दोस्त फाउंडेशन १९९२ पासून हे काम करतंय, तिथे चौकशी करा. रोख रक्कम बंद. रेशन आणि उपचाराची फी परस्पर द्या.

वडिलांना मुलापुढे भाषण करायला लावू नका. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये घरच्यांच्या वेगळ्या बैठका होतात, त्या उगाच नाहीत. त्यांच्या ओळखीत अशाच दुःखातला दुसरा मशर नक्की असेल. २०१३ च्या संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीत खैबर पख्तुनख्वात शंभरातले जवळपास अकरा जण वर्षभरात काही ना काही नशा केलेले निघाले होते. त्या दोघा बापांची गाठ घालून द्या.

प्रतिसाद: जुना_कुवेतवाला

पठाणांबरोबर बरीच वर्षं काढलीत. त्यांच्यात चुलतभावांचं वैर आपल्या भाऊबंदकीच्या वरताण. टायफॉइडचं नाटक गल्लीसाठी नाही, चुलत घरासाठी असणार. मामाला मध्ये घाला. मामाशी वाटणीचं भांडण नसतं, आणि पोरगं त्याच्यापुढे रडूही शकतं.

धागाकर्ता:

दोघांचेही आभार. चुलत घराचं अगदी बरोबर निघालं, लाला हसलाच. मामा कोहाटला आहे, आज रात्री फोन लावतोय. बंदुका दोन आहेत, एक वडिलांची. ती त्यांच्याकडून कोण मागणार यावर गाडी अडलीये; मामानेच लग्नकार्याचं निमित्त करून न्यावी असं सध्या चाललंय. पोराला मामाकडे ठेवलं तर दर आठवड्याला डॉक्टरकडे पेशावरला आणावं लागेल. मधला दर्‍याचा रस्ता आहे. अशा भासाच्या अवस्थेत तासा-दोन तासांचा प्रवास चालेल का, की आधी काही दिवस दवाखान्यातच ठेवलेलं बरं?