मदत हवी आहे: पगार घटल्यावर मुलीच्या पोटगीत बदल कोणत्या तारखेपासून?

२०२२ मध्ये कौटुंबिक न्यायालयाने जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली मुलीसाठी दरमहा १२,००० रुपये पोटगी ठरवली. तेव्हा हातात पगार ५८,००० येत होता. मार्चमध्ये कंपनीने पद काढलं, आता नवीन ठिकाणी ३४,००० मिळतात. मुलगी नऊ वर्षांची, आईकडे असते. आईलाही नोकरी आहे, वेगळी पोटगी नाही.

हुकूम बदलेपर्यंत जुनीच रक्कम देय राहते, हे ठाऊक आहे. म्हणून एकही हप्ता चुकवलेला नाही. थकबाकीचा वसुली अर्ज लागला की परिस्थिती बदलल्याचं सांगणंच अवघड होतं. नोकरी स्वतःहून सोडलेली नाही, कपातीचं पत्र आहे. सहा महिन्यांच्या पगारपावत्या, फॉर्म १६, बँक खातेउतारा आणि मालमत्ता-दायित्वाचं शपथपत्र तयार आहे. तोंडी तडजोड नको, हुकुमातच बदल हवा. गृहकर्जाचा हप्ता मुद्दाम पुढे करत नाही, तो मुलीच्या खर्चाच्या आधी धरला जाईल असं वाटत नाही.

अर्ज आता जुन्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ (पोटगीच्या रकमेत बदल) खाली करणार आहे. निकालाला वर्ष लागलं तर कमी झालेली रक्कम अर्जाच्या तारखेपासून धरतात की हुकुमाच्या? आणि मधल्या काळासाठी अंतरिम कपात कोणाला प्रत्यक्ष मिळाली आहे का?