२००४ ला ग्रीस युरो (युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा) जिंकलंच कसं? नुसतं नशीब होतं का?

कोपरा_किक: जुन्या फायनल्स बघत बसलोय, २००४ ची लिस्बनची बघितली आणि डोकंच चालेना. समोर पोर्तुगालचे फिगो, डेको, रोनाल्डो, तेही त्यांच्या घरच्या मैदानावर, आणि ग्रीसच्या टीममधलं एकही नाव ओळखीचं नाही. तरी १-०. त्याआधी ग्रीसने मोठ्या स्पर्धेत एकही मॅच जिंकली नव्हती म्हणे, खरंय का? की लोक उगाच रंगवून सांगतात?

स्वीपर_जुना: खरंय. १९८० च्या युरोमध्ये एक ड्रॉ, बाकी हार. १९९४ च्या वर्ल्ड कपला तर तीन मॅचमध्ये १० गोल खाल्ले आणि केला एकही नाही. २००१ मध्ये जर्मन कोच ऑटो रेहागेल आला, त्याची पहिलीच मॅच फिनलंडकडून ५-१ ने हरले. २००४ च्या युरोच्या क्वालिफायिंगच्या (पात्रता फेरीच्या) पहिल्या दोन मॅचही गेल्या, स्पेन आणि युक्रेन, दोन्ही २-०. आणि मग पुढच्या सहाच्या सहा जिंकल्या, स्पेनला त्यांच्याच घरी १-० ने हरवलं, ग्रुपमध्ये पहिले आले आणि स्पेनला प्लेऑफ, म्हणजे पात्रतेसाठी जादा मॅच, खेळायला लागला! आठ मॅचमध्ये गोल केले फक्त ८, खाल्ले ४. म्हणजे पोर्तुगालला पोचायच्या आधीच हे सगळं दिसत होतं, कोणी बघितलं नाही एवढंच.

ड्रिबल_दादा: कौतुक पुरे. इतकी कंटाळवाणी चॅम्पियन टीम मी दुसरी बघितली नाही, अकरा जण मागे आणि एक कॉर्नर मिळाला की देवाचं नाव. आणि नशीब नाही कसं? युरोच्या ग्रुपमध्ये रशियाकडून २-१ ने हरले, अजून एक गोल खाल्ला असता तर थेट घरी. स्पेनचे आणि यांचे पॉइंट सारखे, आपसातली मॅच १-१, गोल डिफरन्सही सारखा, जास्त गोल केले म्हणून ग्रीस पुढे. जास्त गोल! ग्रीस! 😂

स्वीपर_जुना: रशियाचं मान्य, तिथे वाचले. पण नॉकआउटमध्ये फ्रान्स, झेक आणि पोर्तुगाल यांच्याविरुद्ध तिन्ही मॅच १-० आणि तिन्ही गोल हेडरचे, हे नशिबाने एकदा होतं रे, तीनदा नाही. रेहागेल मॅन मार्किंग खेळवत होता, म्हणजे प्रत्येक डिफेंडर समोरच्या एकाच खेळाडूला चिकटून, ज्याला बाकी सगळे तेव्हा जुनाट म्हणून हसत होते. फ्रान्सच्या मॅचमध्ये ग्रीसचा सेइतारिदिस फ्रान्सच्या आन्रीच्या इतका मागे लागला की तो वैतागला, आणि मागे डेलास मोकळा, कोणी निसटलाच तर आवरायला. आणि गोल बघ एकदा: झागोराकिस उजवीकडून येतो, फ्रान्सच्या लिझाराझूच्या डोक्यावरून बॉल काढतो, क्रॉस टाकतो आणि खारिस्तेआस एकटा उभा. याला कंटाळवाणं म्हणायचं असेल तर म्हण.

लांब_थ्रो: फायनलपेक्षा सेमी बघा. झेक टीम तोपर्यंत चारही मॅच जिंकून आलेली, सुरुवातीलाच रोसिकीचा शॉट बारला लागला, मग पहिल्या हाफमध्येच नेदवेद गुडघ्याला लागून बाहेर गेला आणि मॅचचा रंगच बदलला. तेव्हा सिल्व्हर गोलचा नियम होता, म्हणजे एक्स्ट्रा टाइमचा पहिला हाफ संपताना जो पुढे तो जिंकला. डेलासने कॉर्नरवर हेडर मारला तो त्या हाफच्या अगदी शेवटच्या क्षणी, उत्तर द्यायला वेळच उरला नाही. झेकवाल्यांचे चेहरे बघवत नाहीत. तो नियम नंतर लगेच गेलाही.

कोपरा_किक: आणि पोर्तुगाल दोनदा हरलं ना यांच्याकडून?

स्वीपर_जुना: हो, ओपनिंगलाही २-१. त्यामुळे फायनलला ग्रीसला भीती कसलीच नव्हती. ५७ व्या मिनिटाला बासिनासचा कॉर्नर, गोलकीपर रिकार्डो गोल सोडून पुढे आला, बॉल मिळाला नाही, खारिस्तेआसने डोकं लावलं. त्यांचा मिडफिल्डर कारागूनिस सस्पेंड असतानाही जिंकले हे विसरू नका.

ड्रिबल_दादा: आणि सप्टेंबरमध्ये अल्बानियाकडून २-१ ने हरले, २००६ च्या वर्ल्ड कपला पोचले नाहीत, २००८ च्या युरोला तिन्ही मॅच गेल्या. हेही विसरू नका म्हणावं 😏

स्वीपर_जुना: कप परत मागितला का कोणी?

कोपरा_किक: 😄 बरं, झेकची मॅच बघतो आज. एक्स्ट्रा टाइमपासून लावली तर चालेल का?

लांब_थ्रो: नाही, पहिल्या मिनिटापासून लाव. नेदवेद असतानाची मॅच बघितली नाहीस तर काय बघितलंस.